‘माझ्या पश्चात’: मृत्युपत्रातल्या चार ओळी

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाचे आईवडील वकिलाकडे नेतात त्या कच्च्या मसुद्यात या ओळी थोड्याफार फरकाने सापडतात.

‘माझा मुलगा सज्ञान असला तरी त्यास व्यवहारज्ञान नाही.’
अठरा पूर्ण झाली की आईबापांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. घराला ते कळतं बँकेत, खात्यावर मुलाचीच सही मागतात तेव्हा. अपंगत्वाच्या यूडीआयडी ओळखपत्राचा क्रमांक मसुद्याच्या याच ओळीत घालावा.

‘त्याचा पालक म्हणून मी माझ्या धाकट्या भावास नेमतो.’
सगळ्यात ठाम वाटणारी ओळ, आणि सगळ्यात लटकी. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने (१९५६) मृत्युपत्राद्वारे पालक नेमता येतो तो अज्ञान मुलासाठी. सज्ञानासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९. त्याच्या कलम १४ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. पालक मुळात हवा का, हवा तर कशापुरता, हे ती तपासते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब. हा अर्ज आईवडील हयातीतच करू शकतात, आपल्या पसंतीचं नाव सुचवून. मग काकाला नुसत्या मृत्युपत्रावर का सोडायचं?

‘फ्लॅट व ठेवी भावास देतो; तो मुलास सांभाळील अशी आशा आहे.’
खरी मेख इथे. भाऊ मालक झाला. उद्या तो गेला की फ्लॅट त्याच्या वारसांचा. भारतीय विश्वस्त कायद्याला (१८८२) कलम ६ प्रमाणे हेतू, लाभार्थी आणि मालमत्ता निःसंदिग्ध लागतात. ‘आशा’ म्हणजे कोर्टात वादाला आमंत्रण. सरळ ‘विश्वस्त म्हणून’ लिहावं, दोघांना नेमावं, त्यांच्यामागे कोण तेही लिहावं. माझ्या मते पालक आणि विश्वस्त एकच माणूस नसावा. खर्च करणाऱ्याचा हिशेब दुसऱ्याने पाहिलेला बरा. (काका कितीही देवमाणूस असला तरी.)

‘सरकारी लाभ त्यास मिळत राहावेत.’
आपोआप काही मिळत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं संरक्षण घ्यायचं तर नाव नोंदवावं लागतं. वडील केंद्र सरकारी नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण त्याच्या इतर उत्पन्नाला मर्यादा आहे. म्हणून ठेवींचं व्याज थेट त्याच्या नावावर वळवण्याआधी तो आकडा पाहावा. पेन्शनच्या कागदावर त्याचं नाव वडिलांनी हयातीतच चढवून घ्यावं, नाहीतर तेवढ्यासाठी आईला म्हातारपणी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात.