घटस्फोटावर हसतं कोण? फारकत, सिनेमा आणि हिंदू कोड बिल

गेल्या महिन्यात लोह्यात आमच्या अभ्यासवर्गाने एक इंग्रजी सिनेमा पाहिला. १९८९ चा 'द वॉर ऑफ द रोझेस'. वकील नवरा आणि त्याची बायको घटस्फोटाला निघतात. बायको म्हणते पैसा नको, घर तेवढं मला दे. तो देत नाही. मग एकाच घरात हद्दी आखून दोघं एकमेकांचा सूड घेतात आणि शेवटी छतावरच्या झुंबरासकट खाली कोसळून मरतात. सिनेमा विनोदी आहे, म्हणजे हसता हसता घशात काटा अडकावा तसला विनोदी. पोरं खूप हसली. एक मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर हाय म्हणं? तिला भांडायला जागा तरी हाय. आम्हाला तर उंबऱ्याच्या भायरच भांडावं लागतंय."

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहावा लागला.

सिनेमात एक बारीक जागा आहे. नवरा दवाखान्यात मरणाच्या भीतीने चिठ्ठी लिहितो, माझ्याकडे जे आहे ते तुझ्यामुळे आहे, अशा अर्थाची. पुढे तीच चिठ्ठी बायकोचा वकील त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून काढतो. आमच्या तालुक्यातून, शेजारच्या कंधार-मुखेडातून दरवर्षी जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, फेडायला मात्र दोघं वाकतात. तिच्या घामाची चिठ्ठी कोण लिहून ठेवतो? नातं तुटलं की तिला परत काय मागायचं हेच सांगता येत नाही, कारण कागदावर ती कधी नव्हतीच.

आता इतिहासाकडे येऊ. आपल्या देशातही घटस्फोटावर एक गाजलेला विनोदी सिनेमा आहे आणि तो नेमका १९५५ सालचा आहे: गुरुदत्त यांचा 'मिस्टर अँड मिसेस ५५'. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. हा योगायोग नाही, सिनेमा त्याच वादावर बेतलेला आहे. मधुबालाला बापाच्या इस्टेटीसाठी ठरावीक मुदतीत लग्न करायचं आहे. स्त्री-हक्कांची पुढारी असलेली तिची आत्या सीतादेवी एका बेकार व्यंगचित्रकाराशी पैसे देऊन तिचं खोटं लग्न लावते, लगेच घटस्फोट घेता येईल या हिशोबाने. शेवट ठरलेला: मुलगी सरळ होते, गावातल्या वहिनीचं कष्टाळू, निमूट संसारसुख पाहून तिचे डोळे उघडतात आणि आत्या तोंडघशी पडते. सीतादेवी झाल्या होत्या ललिता पवार. (बाईंचा जन्म येवल्याचा. १९३५ ची बाबासाहेबांची घोषणा जिथे झाली तेच येवला.)

सिनेमा म्हणून तो छान आहे, गाणी आम्हीही गुणगुणतो. पण तो कोणाला हसतो ते बघा. लग्न मोडण्याचा हक्क मागणारी बाई म्हणजे पैशेवाली, पुरुषद्वेष्टी, बिनसंसारी. आणि तिची टर उडवणारा नायक कोण, तर व्यंगचित्रकार. ज्या काळात वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं बाबासाहेबांना अशीच टोचत होती, त्या काळाचा हा नायक. १९४९ चं शंकर यांचं गोगलगायीवरचं चित्र आपल्याला माहीत आहे, २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या त्याच चित्रावरून संसदेपर्यंत रान उठलं. राज्यघटनेला उशीर का होतो यावर ते हसत होतं. पण हिंदू कोड बिलाला उशीर कोण करत होतं यावर हसणारं चित्र किती जणांनी काढलं?

बाबासाहेबांनी मांडलेलं बिल लग्न-घटस्फोटापुरतं नव्हतं. मुलीला वारसा, विधवेला मालमत्तेवर पूर्ण मालकी, एकपत्नीत्व, दत्तक, सगळं एकत्र होतं. म्हणूनच विरोध एवढा कडवा होता. डिसेंबर १९४९ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर सभा झाली, करपात्री स्वामी रस्त्यावर उतरले. सप्टेंबर १९५१ पर्यंत जेमतेम चार कलमं मंजूर झाली आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे तेच बिल चार तुकडे करून, पातळ करून १९५५-५६ मध्ये आलं.

सिनेमातला घटस्फोट चुटकीसरशी होतो. प्रत्यक्ष कायद्यात लग्नाला तीन वर्षं झाल्याशिवाय, अपवाद सोडला तर, अर्जच करता येत नव्हता. परस्पर संमतीचा घटस्फोट नव्हता, तो १९७६ मध्ये आला. मारहाण, छळ, टाकून देणं ही घटस्फोटाची कारणं म्हणूनही १९७६ लाच आली. तोवर छळ झाला तर फक्त न्यायिक विभक्तता मिळायची, म्हणजे वेगळी राहा पण बायको त्याचीच राहा. पडद्यावर जे बायकांच्या हातातलं खेळणं दाखवलं, ते कोर्टात हाताला लागतच नव्हतं.

आणि घटस्फोट ही काय पाश्चात्यांची आयात होती? बाबासाहेबांनी चर्चेतच सभागृहाला आठवण करून दिली होती की ज्यांना शूद्र म्हणतात त्या बहुसंख्य जातींत रूढीने घटस्फोट आहेच, नाही तो मूठभर वरच्या जातींत. आपल्याकडची काडीमोड, पाट, मोहतर हे शब्द त्याचीच साक्ष देतात. मराठेशाहीत पाट लावला की सरकार 'पाटदाम' वसूल करायचं, म्हणजे राज्यालाही ही रीत पक्की ठाऊक होती. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर नांदायला येण्याचा दावा लावला, तेव्हा सुतार समाजातल्या त्या मुलीच्या आईचाही पुनर्विवाह झालेला होता. ज्या समाजात बाईला दुसरा संसार मांडता येत होता, तिथल्या मुलीला १८८७ च्या निकालाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं. ती तुरुंगाला तयार झाली. टिळकांचा पक्ष कोणता होता ते वेगळं सांगायला नको. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला तोही आपल्या भागाला लागू नव्हता, आपण निजामाच्या राज्यात होतो.

इथवर लिहिणं सोपं होतं. ब्राह्मणी पितृसत्तेवर बोट ठेवलं की टाळ्या मिळतात. पण काडीमोडीला आम्ही डोक्यावर घेणार नाही. ती जातपंचायतीच्या हातात होती, पंचायत पुरुषांच्या हातात. पाटाच्या बाईला लग्नाच्या बाईएवढा मान कधीच नव्हता.

आज लोह्यात त्या काडीची जागा स्टँपपेपरने घेतली आहे. बैठकीत दोन्हीकडचे चार मोठे माणसं बसतात, नोटरीकडे 'फारकतनामा' होतो: यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही, पोटगी मागणार नाही, खाली मुलीचा अंगठा किंवा सही. सहा महिन्यांत नवरा दुसऱ्या लग्नाला मोकळा. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीच्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे हे खरं, पण ती रूढी जुनी, सलग चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसत्या स्टँपपेपरने लग्न मोडत नाही. ती कायद्याने अजून त्याची बायकोच असते. पोटगीचा हक्कही असा लिहून दिल्याने संपत नाही, न्यायालयांनी हे अनेकदा सांगितलं आहे.

यात आपली गंमत बघा. १९५६ ला आपण जात सोडली म्हणतो. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. पण पोरीला रिकाम्या हाताने परत पाठवायची वेळ आली की वकिलामार्फत सांगतो, आमच्या जातीत अशी रूढी आहे साहेब. कोणती जात, भाऊ?

संगमनेरहून परित्यक्तांचा लढा उभा राहिला, 'टाकलेल्या' बायकांनी हिशोब मागितला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने घर नावावर नसलं तरी त्यात राहण्याचा हक्क मानला. एवढं असूनही आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी सही करून झाल्यावर येतात.

सिनेमा संपल्यावर त्या मावशी थांबल्या. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लेकीचा फारकतनामा काढून त्यांनी आमच्यासमोर धरला, वाचून दाखवा म्हणाल्या. वर स्टँपविक्रेत्याचा शिक्का, खाली पाच साक्षीदार. पाचांतले दोघे त्याच खोलीत बसले होते, मघाशी झुंबर कोसळताना सगळ्यात जोरात हसलेले.