बाईंना सांगू नकोस

वारणानगरच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीचं प्रॅक्टिकल चालू आहे. मायक्रोपिपेटची वापरलेली टीप डब्यात टाकून तू दुसरी लावतेस. पुढे कॅन्सर घ्यायचा, इम्युनॉलॉजी की मॉलिक्युलर बायॉलॉजी, हा घोळ डोक्यात आहेच. राहू दे तो तसाच. डोळे मीट. साल 1953.

कॉलेज गायब. कारखान्याचं धुराडं नाही, मळीचा वास नाही, नुसता कोडोलीजवळचा माळ. कोल्हापूर गाठ, मीटर गेजची गाडी धर, पुण्यात गाडी बदल. परळला गिरणीचा भोंगा कानावर पडेल. इथलं इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर जेमतेम वर्षाचं आहे. ते उभं करणारे डॉ. वसंत खानोलकर म्हणजे पॅथॉलॉजीतलं मोठं नाव. पण तुला भेटायचंय ते कमल रणदिवे यांना.

बाई पस्तिशीच्या. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. एमएस्सीला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर काम, मग 1949 मध्ये खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी. तुझा घोळ त्यांना बहुधा कळणारच नाही. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकून आल्या. हेन्रिएटा लॅक्सच्या गाठीतल्या पेशी 1951 मध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत वाढल्या, तेच हे गाय.

बाईंनी इथे मांडलेली टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा देशातली पहिली. एप्रन घाल आणि हात लाव. इथे टीप फेकायची सोय नाही. काचेची पिपेट धुवायची, सुकवायची, टोकाला कापसाचा बोळा घालून ओव्हनमध्ये भाजायची. पेशींचं खाद्य म्हणजे कोंबडीचा प्लाझ्मा, अंड्यातल्या पिलाचा अर्क, सीरम. एक बुरशीचा कण पडला की आठवड्याची मेहनत मोरीत. एप्रिलमध्ये केंब्रिजच्या दोघांनी डीएनएचा दुहेरी पीळ छापलाय खरा, पण तुझ्या हातात आत्ता बाटल्या घासायचा ब्रश आहे. (संशोधकांची चरित्रं लिहिणारे या ब्रशाला नेहमी वगळतात, हे मला खटकतं.)

पलीकडे उंदरांचे पिंजरे. काही वाणांच्या माद्यांना स्तनांचा कॅन्सर हमखास होतो. त्यांची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईखाली पाजायला ठेवली तर तो कमी होतो, हे अमेरिकेत बिटनरने 1936 मध्येच दाखवलं होतं. दुधातून काहीतरी जातं; पुढे तो विषाणू ठरला. बाईंचा रोख मात्र एकट्या विषाणूवर नाही. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू मिळून काय करतात, हे त्यांना हवंय. कॉलेजात ही तिन्ही तू वेगवेगळ्या पेपरांसाठी पाठ केलीस.

आता पाच वर्षं पुढे सरक. 1958. कॅन्सरच्या या संस्थेत कुष्ठरोग्याच्या शरीरातले जंतू आलेत. हान्सेनने 1873 मध्ये पाहिलेला कुष्ठाचा जंतू अजून कुणाला कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. तो मज्जातंतू धरतो, म्हणून इथे मानवी गर्भाच्या चेतापेशींच्या कल्चरमध्ये तो वाढवायचा प्रयत्न झाला. आणि ट्यूबमध्ये काहीतरी वाढलंय! बापट, रणदिवे आणि खानोलकर यांच्या नावाने निबंध निघतो. जंतूला पुढे संस्थेच्याच आद्याक्षरांवरून आयसीआरसी बॅसिलस म्हणू लागतात.

तुला मात्र पुढचं ठाऊक आहे. हा कुष्ठाचा जंतू नव्हे, मायकोबॅक्टेरियम एव्हियमच्या गटातला आहे. सांगावंसं वाटतंय ना? सांगू नकोस. दोन्ही जंतूंचे काही अँटिजेन सारखे आहेत. एकाशी ओळख झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही ओळखू शकते. याच कल्चरपासून डॉ. माधव देव आणि त्यांचे सहकारी मारलेल्या जंतूंची लस बनवतील. 1991 मध्ये दक्षिण भारतात सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत ती सुमारे 65 टक्के संरक्षण देईल, नुसती बीसीजी 34 च्या आसपास राहील. ‘चुकीचा जंतू’ म्हणून आज ही ट्यूब मोरीत ओतली, तर तिथवर कोण पोचणार?

तेव्हा तोंड मिटून कामाला लाग. थोडं कल्चर नव्या ट्यूबमध्ये घे, लेबलवर तारीख घाल. बाई मागून पाहतायत, ज्योतीपाशी हात नीट धर.