मेंदूतला ताणा

सोलापुरी चादर विणताना मागावर आधी ताणा चढवावा लागतो. त्याशिवाय बाण्याला आधार नाही. प्रौढ मेंदूतील तुटलेले चेतातंतू पुन्हा वाढून जुळत नाहीत, असा निष्कर्ष स्पेनच्या काहाल यांनी काढला होता. पण उणीव तंतूंची की आधाराची? १९८१ साली डेव्हिड व अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला त्यांच्याच पायातील चेतेचा तुकडा जोडला. त्यातून तंतू सुमारे ३ सेंटिमीटर वाढले! उणीव आधाराची होती. मग कृत्रिम आधाराचा शोध सुरू झाला. २००६ साली पेप्टाइडांच्या, आपोआप विणल्या जाणाऱ्या सूक्ष्म धाग्यांनी हॅमस्टरच्या मेंदूतील छेद सांधला. दृष्टी काही अंशी परतली. माणसांसाठी हा उपचार अजून रूढ नाही. तरीही प्रश्न बदलला की वाट दिसते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.