शिंदीचीं झाडें आणि उद्यांची भीति

सोलापूरच्या १९३० सालच्या उठावाची कथा आपण बहुधा मार्शल लॉपासून सांगूं लागतों. तिचा आरंभ मात्र कुऱ्हाडीनें झाला. ५ मे रोजीं गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजीं रूपाभवानीच्या बाजूस लोक सरकारी उत्पन्नाचीं शिंदीचीं झाडें तोडूं लागले. पोलिसांनीं गोळी झाडली, शंकर शिवदारे ठार झाले. जमावानेंही चौकी आणि कोर्ट पेटविलें. १२ मे रोजीं लष्करी कायदा आला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी झाली.

त्या कुऱ्हाडीचा रोख सरकारच्या तिजोरीवर होता, आणि तो योग्यच होता. पण गिरणीची पाळी संपवून शिंदीच्या दुकानाकडे वळणाऱ्या माणसाचें काय? १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेंही दुकानच बंद केलें, आणि पुढें महाराष्ट्रांत तें बंधनही सैल झालें.

पिणारा सोडण्यास भितो, त्याला आपण भ्याड म्हणतों. हा अन्याय आहे. फार पिणाऱ्यानें दारू एकदम सोडली तर हात कांपतात, झोंप उडते, प्रसंगीं आंकडी येऊन प्राणावर बेततें. तेथें डॉक्टरच हवा. दुसरी भीति याहून चिवट असते. संध्याकाळ कशी काढावी? सोबत्यांना काय सांगावें? बायकोच्या नजरेला नजर कशी द्यावी? ओळखीचें दुःख त्याला अनोळखी सुखापेक्षां बरें वाटतें.

ज्या येरवड्यांत ते चौघे फांशी गेले, तेथल्याच मनोरुग्णालयाच्या आवारांत १९८६ सालीं डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ उभें केलें. गर्दच्या व्यसनावरील अवचटांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे यांनीं त्यासाठीं देणगी दिली होती. तेथें समजूत घालणाऱ्यांपैकीं कित्येक स्वतःच व्यसनांतून बाहेर आलेले आहेत. नव्यानें आलेल्याच्या मनांतली आशा उपदेशानें जागी होत नाहीं. आपल्यासारखाच बुडालेला माणूस आज समोर बसून शांतपणें बोलतो आहे, हें पाहून ती जागी होते. १९३५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघाची रीतही हीच. तेथें जन्मभराची शपथ मागत नाहींत, केवळ आजचा दिवस मागतात. आणि पाय घसरून जो परत येतो, त्याच्यासाठीं मोजणी पुन्हां पहिल्या दिवसापासून सुरू होते.