संगणक सुरू न होणे (घरगुती)

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या वाटेत संगणक कुठे अडकला, हे शोधण्याची पद्धत. ‘पीसी चालूच होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळे प्रकार येतात : पंखाच न फिरणे (‘मशीन डेड’), पंखा फिरूनही पडदा काळा राहणे (‘डिस्प्ले येत नाही’) आणि बोधचिन्ह दिसल्यावर पुढे विंडोज लोड न होणे. यांतला प्रकार कोणता, हे ठरल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नये.

वीजपुरवठा : एटीएक्स रचनेत (इंटेल, १९९५) कॅबिनेटचे बटण वीज थेट जोडत नाही; ते मदरबोर्डला इशारा देते. मदरबोर्ड हिरव्या तारेचे व्होल्टेज शून्याकडे ओढतो, तेव्हा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सुरू होतो. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट असतातच. म्हणून मशीन डेड असेल, तर मल्टिमीटर प्रथम तिथे लावतात. ते असतील, तर मदरबोर्डची मोठी पिन काढून हिरवी व काळी तार जोडून पाहतात. पंखा फिरला, की एसएमपीएस चांगला असे अनेकजण समजतात, ते बरोबर नाही. लोड नसताना नीट चालणारा एसएमपीएस लोड येताच बसू शकतो. मशीन चालू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. राखाडी तार ‘व्होल्टेज स्थिर आहे’ असा निरोप देते. तो येईपर्यंत प्रोसेसर रीसेटमध्येच थांबतो. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये : २३० व्होल्टच्या जोडणीवर आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२० व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात.

पोस्ट व बीप : सुरू होताना स्वतःची तपासणी (पोस्ट) करण्याची प्रथा आयबीएम पीसीने (१९८१) रूढ केली. सगळे ठीक असेल तर एक आखूड बीप. पडद्यावर ३०१ आला, तर कीबोर्डचा दोष. पुढे बायोसगणिक (बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्राम) बीपची भाषा बदलली. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड; एएमआयमध्ये तीन बीप म्हणजे रॅम. त्यामुळे बायोस कोणाचा हे न पाहता बीप मोजण्यात अर्थ नाही. आताच्या अनेक कॅबिनेटांत स्पीकरच नसतो, त्यामुळे मदरबोर्ड बोलला तरी ऐकू येत नाही. काही नव्या बोर्डांवर त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावे छापलेले चार दिवे असतात. जो लागून राहील तिथे अडले.

रॅम : पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, तेव्हा पहिला संशय हिच्यावर. प्लग काढून रॅम बाहेर घ्यावी, सोनेरी पट्ट्या पुसाव्यात आणि एकच रॅम लावून, स्लॉट बदलून पाहावे. दोन्ही बाजूंच्या खटक्या ‘टक’ वाजेपर्यंत रॅम दाबावी. पट्ट्या खोडरबरने घासण्याची रीत दुकानांत सर्रास आहे. रबराने मुलामा झिजतो असा आक्षेप असून काहीजण आयसोप्रोपिल अल्कोहोलच सुचवतात.

फुगलेले कपॅसिटर : साधारण १९९९ ते २००७ या काळातील अनेक बोर्डांचा विकार. माथा सपाट नसून फुगीर, कधी तपकिरी गळती. सदोष इलेक्ट्रोलाइटमागे चोरलेल्या सूत्राची हकिकत सांगितली जाते. तिच्या तपशिलाबद्दल मतभेद आहेत.

बटणसेल : सीआर२०३२, ३ व्होल्ट. संपला की तारीख मागे जाते. एवढ्याने मशीन सहसा अडत नाही. मात्र बायोसच्या सेटिंग पुसल्या जाऊन डिस्कचा मोड बदलला, तर धडधाकट विंडोजही उघडत नाही, आणि दोष डिस्कवर ढकलला जातो.

सॉफ्टवेअर : बोधचिन्ह दिसूनही विंडोज लोड होत नसेल, तर बूट फाइल दुरुस्त करावी. ‘फॉरमॅट मारणे’ हा निदानाचा भाग नव्हे. आधी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फोटो व कागदपत्रे काढून घ्यावीत.

लॅपटॉप : मशीन डेड असेल, तर चार्जर व निघत असल्यास बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे.