सी ड्रायव्हर-कोडमधील स्ट्रिंग-मांडणी व बफर-हाताळणी

सी भाषेत लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये संख्या, नावे आणि उपकरणाची स्थिती मजकुराच्या रूपात जुळवणे व तो मजकूर ठरावीक आकाराच्या मेमरीत, म्हणजे बफरमध्ये, मर्यादा न ओलांडता साठवणे, यासाठी पाळायची शिस्त. ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत चालतो. साध्या प्रोग्रॅममधला बफर ओसंडला तर बहुधा तो एकच प्रोग्रॅम कोसळतो. ड्रायव्हरमधला बफर ओसंडला तर शेजारची कर्नलची कोणतीही रचना बिघडू शकते, आणि ती हवी तशी बिघडवण्याची संधी सामान्य वापरकर्त्याला मिळाली तर साऱ्या यंत्राचा ताबा त्याच्या हाती जाऊ शकतो. या शिस्तीचा इतिहास बहुधा ‘अमुक फंक्शन टाळा, तमुक वापरा’ अशा यादीने सांगितला जातो. लिनक्स कर्नलमधील अनुभव पाहता ही यादी अपुरी पडते. बफरची मर्यादा कोणाला ठाऊक आहे आणि मजकूर मावला नाही हे कोणाला कळते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सुरक्षितता ठरते.

प्रश्नाचे मूळ भाषेच्या रचनेत आहे. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेत स्ट्रिंगला स्वतःची लांबी नसते. शून्य-बाइट जिथे येईल तिथे ती संपली असे मानायचे. शिवाय अ‍ॅरे फंक्शनकडे सोपवला की त्याचा फक्त पत्ता पोहोचतो, आकार मागेच राहतो. त्यामुळे स्ट्रिंगची प्रत करणारे ‘स्ट्रकॉपी’ किंवा मजकूर मांडणारे ‘एसप्रिंटएफ’ या फंक्शनांना कुठे लिहायचे ते कळते, कुठे थांबायचे ते कळत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये नेटवर्कवरून पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रॅमने ‘फिंगर’ सेवेतील असाच एक ५१२ बाइटांचा बफर फोडला होता. तिथे वापरलेले ‘गेट्स’ हे फंक्शन २०११च्या सी मानकातून अखेर वगळले गेले. या घटनेतून निघणारा सरळ धडा असा, की प्रत्येक फंक्शनला बफरचा आकार सांगावा. पुढच्या काळात तसे झालेही. पण आकार सांगूनही चुका थांबल्या नाहीत.

‘स्ट्रएनकॉपी’ आकार घेते, तरी तिचा जन्म स्ट्रिंग सांभाळण्यासाठी झालेला नव्हता. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलनावासाठी १४ बाइटांचा ठरावीक रकाना असे, आणि नाव तेवढेच लांब असेल तर शेवटी शून्य-बाइट नसे. तशा रकान्यासाठी हे फंक्शन योग्य होते. स्ट्रिंगसाठी वापरले तर मजकूर मोठा असताना ते शेवटचा शून्य-बाइट टाकत नाही आणि लहान असताना उरलेली सारी जागा शून्यांनी भरत बसते. १९९८ मध्ये ओपनबीएसडीने आणलेल्या ‘स्ट्रएलकॉपी’ने शून्य-बाइटाची हमी दिली, मात्र ती मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत देत असल्याने मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचावीच लागते. उपकरणाकडून आलेल्या मजकुराला शून्य-बाइटच नसेल, तर लिहिणे मर्यादेत राहते आणि वाचणे मर्यादेबाहेर जाते. म्हणून २०१५ मध्ये लिनक्स ४.३ मध्ये ‘स्ट्रएसकॉपी’ आली. ती शून्य-बाइट टाकते, मूळ स्ट्रिंगचे टोक शोधत बसत नाही, आणि मजकूर कापावा लागला तर ऋण त्रुटी-संकेत परत देते. २०२४ मधील लिनक्स ६.८ मध्ये ‘स्ट्रएलकॉपी’ कर्नलमधून काढून टाकण्यात आली. या तिन्ही फंक्शनांना आकार सांगितला जातोच. फरक पडतो तो मजकूर न मावल्यावर कोणते फंक्शन काय करते यात.

मांडणीच्या फंक्शनांतही हेच दिसते. १९९९च्या मानकात आलेले ‘एसएनप्रिंटएफ’ मर्यादेपलीकडे लिहीत नाही. पण ते परत देते ती संख्या प्रत्यक्ष लिहिलेल्या अक्षरांची नसते, जागा पुरेशी असती तर किती लिहिली गेली असती याची असते. २५६ बाइटांच्या बफरमध्ये २०० अक्षरे लिहून झाली आहेत आणि पुढचा तुकडा १०० अक्षरांचा आहे असे समजा. फंक्शन ५५ अक्षरे व शून्य-बाइट लिहून थांबते, परत मात्र १०० देते. ड्रायव्हर बेरीज करून ‘३०० लिहिली’ असे मानतो. पुढच्या फेरीत उरलेली जागा उणे ४४ येते, आणि चिन्हरहित संख्येत तिचा प्रचंड आकडा होतो. कर्नलमधील अंमलबजावणी असा अवाढव्य आकार इशारा देऊन नाकारते, त्यामुळे लिहिणे बहुधा टळते. पण तेच ३०० वापरकर्त्याकडे प्रत पाठवताना वापरले, तर बफरपलीकडील ४४ बाइट बाहेर जातात, आणि तिथे कर्नलची कोणती गुपिते असतील ते सांगता येत नाही. ‘एससीएनप्रिंटएफ’ प्रत्यक्ष लिहिलेली संख्या, इथे ५५, परत देते. म्हणून तुकडे जोडत जाण्याच्या कामी तेच योग्य. मात्र मजकूर कापला गेला हे ते सांगत नाही. म्हणून लांबी आधी मोजायची असेल तर पहिले आणि भर घालत जायचे असेल तर दुसरे, अशी निवड कामावरून करावी लागते.

मर्यादा कोणाला ठाऊक आहे, या प्रश्नाचे वजन आयस्कझी प्रकरणात दिसते. लिनक्समधील सिसएफएस ही व्यवस्था ड्रायव्हरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवते. त्यासाठी ड्रायव्हरच्या ‘शो’ फंक्शनला मेमरीच्या एका पानाएवढा बफर मिळतो. पान एक्स८६ यंत्रांवर ४०९६ बाइटांचे असते, काही इतर यंत्रांवर ६५,५३६ बाइटांचेही. हा आकार फंक्शनला सांगितला मात्र जात नाही. तो केवळ संकेताने ठरलेला आहे. नेटवर्कवरून डिस्क जोडणाऱ्या आयस्कझी कोडमध्ये २००६ पासून अशा बफरमध्ये काही गुणधर्म ‘एसप्रिंटएफ’ने लिहिले जात होते. ते गुणधर्म नेटलिंक या, कर्नलशी बोलण्याच्या मार्गाने पाठवलेल्या संदेशातून ठरवता येत, त्यांच्या लांबीवर बंधन नव्हते, आणि संदेश पाठवणाऱ्याला विशेष अधिकारही लागत नव्हता. पानापेक्षा लांब मूल्य ठेवायचे आणि मग फाइल वाचायची, की बफर ओसंडत असे. मार्च २०२१ मध्ये ग्रिम या संस्थेच्या संशोधकांनी हा दोष जाहीर केला. दुरुस्ती तीन अंगांनी झाली: अधिकार तपासले जाऊ लागले, येणाऱ्या मूल्यांच्या लांबीवर बंधन आले, आणि लिहिण्यासाठी ‘सिसएफएस_एमिट’ वापरले गेले. २०२०च्या अखेरीस लिनक्स ५.१० मध्ये आलेल्या या फंक्शनला आकार द्यावाच लागत नाही. पानाची मर्यादा ते स्वतः जाणते आणि दिलेला पत्ता पानाच्या आरंभाचा आहे का तेही तपासते. ज्या व्यवस्थेने बफर दिला तिनेच त्याची मर्यादा राखायची, हे तत्त्व इथे कोडमध्ये उतरले आहे. कर्नलमधील ‘सीक्यू_बफ’ रचना पत्ता, आकार, भरलेली लांबी आणि ओसंडल्याची खूण एकत्र बाळगते, तीही याच विचाराने. विंडोजच्या ड्रायव्हरांत ‘युनिकोड_स्ट्रिंग’ रचनेत पत्त्यासोबत चालू लांबी व कमाल लांबी दोन्ही असतात.

यावर पहिला आक्षेप असा, की सिसएफएसमधील बहुसंख्य ओळी एकच पूर्णांक छापतात. ३२ बिटांचा पूर्णांक चिन्हासह ११ अक्षरांपलीकडे जात नाही. मग ४०९६ बाइट असताना ‘एसप्रिंटएफ’ने काय बिघडते? त्या एका ओळीपुरते खरेच काही बिघडत नाही. पण आयस्कझीतील दोषी ओळ दिसायला अशाच निरुपद्रवी ओळीसारखी होती. फरक फक्त संख्येऐवजी स्ट्रिंग छापण्याच्या खुणेचा. प्रत्येक ओळ निर्दोष असल्याचे दरवेळी नव्याने सिद्ध करायचे, की मर्यादा राखणारा एकच प्रघात ठेवून त्याला सोडून असलेली ओळ चटकन नजरेत भरू द्यायची, अशी ही निवड आहे. कोड तपासणाऱ्याचे लक्ष मर्यादित असते, म्हणून दुसरा मार्ग स्वस्त पडतो. वेगाचा मुद्दाही इथे टिकत नाही, कारण अशा फाइली क्वचित वाचल्या जातात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चालत्या ड्रायव्हरात सरसकट फंक्शने बदलली तर नवे दोष शिरतात. हे खरे आहे, आणि ‘तमुक वापरा’ या यादीवर विसंबू नये याचा हाच पुरावा आहे. स्कझी उपकरणाच्या ओळख-उत्तरात निर्मात्याचे नाव ८, उत्पादनाचे १६ आणि आवृत्ती ४ बाइटांत असते. उरलेली जागा रिकाम्या जागेच्या अक्षराने भरलेली आणि शेवटी शून्य-बाइट नाही. तिथे ‘स्ट्रएसकॉपी’ घातली तर पूर्ण भरलेल्या नावाचे शेवटचे अक्षर जाते. वाय-फायच्या नेटवर्क-नावात ३२ पर्यंत बाइट असू शकतात आणि त्यांत शून्य-बाइटही चालतो. हे स्ट्रिंग नव्हेत, रकाने आहेत. त्यांची प्रत लांबी मोजून करावी आणि छापतानाही लांबी सांगावी. म्हणजे बदल करण्याआधी ही मेमरी कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे लागते. शोधा-आणि-बदला या आज्ञेला ते कळत नाही.

मर्यादा फक्त लांबीची नसते. मजकूर आणि मांडणीचा आराखडा यांच्यातही सीमा असते. २०१३ मध्ये बी४३ या वाय-फाय ड्रायव्हरात असा दोष सापडला: मॉड्यूलच्या पर्यायातून आलेला मजकूर त्रुटी-संदेशात थेट आराखडा म्हणून वापरला जात होता, त्यामुळे त्यातील टक्केचिन्हांना आज्ञेचा अर्थ मिळे. उपाय साधा आहे, आराखडा नेहमी स्थिर ठेवायचा आणि परका मजकूर त्यात मूल्य म्हणून घालायचा. काय छापले जाते यालाही सीमा असते: लिनक्स ४.१५ पासून पत्ता छापण्याची साधी खूण खऱ्या पत्त्याऐवजी त्याचे हॅश केलेले रूप छापते, कारण लॉगमध्ये उघड झालेला पत्ता हल्ल्याला वाट दाखवतो.

कंपायलर किंवा नवी भाषा हे ओझे उचलतील, असाही युक्तिवाद होतो. २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ मध्ये आलेली फोर्टिफाय तपासणी उपयुक्त आहे. पण बफरचा आकार कंपायलरला दिसतो तिथेच ती पुरते, आणि ‘शो’ फंक्शनला तर उघडा पत्ताच मिळतो. डिसेंबर २०२२ मधील लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट भाषेला आरंभीचा आधार मिळाला. रस्टमध्ये मेमरीच्या तुकड्यासोबत त्याची लांबीही जाते, म्हणजे वर सांगितलेलेच तत्त्व तिथे भाषेने बंधनकारक केले आहे. सीमध्ये लिहिलेले ड्रायव्हर मात्र इतके आहेत की त्यांची काळजी त्यांच्याच भाषेत घ्यावी लागणार. आणि भाषा कोणतीही असली तरी एक निर्णय लेखकालाच करावा लागतो: मजकूर मावला नाही तर काय करायचे? लॉगमधील संदेश कापला गेला तर थोडी माहिती जाते, आणि ते चालून जाते. फर्मवेअर-फाइलचे नाव कापले गेले तर ते दुसऱ्याच फाइलचे वैध नाव ठरू शकते. तिथे कापलेले नाव स्वीकारण्यापेक्षा काम नाकारून त्रुटी परत देणे हेच योग्य होय.