उडत्या मोटारीचे पंख ठेवायचे कुठे?

उडत्या मोटारीचा विषय निघाला की आपण लगेच भविष्यकाळात बोलू लागतो. वास्तविक तिला शंभर वर्षांहून अधिक भूतकाळ आहे. फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यू यॉर्कच्या विमान-प्रदर्शनात ग्लेन कर्टिस या विख्यात विमाननिर्मात्याने आपले 'ऑटोप्लेन' मांडले होते. खाली मोटारीसारखी बंद केबिन आणि वर एकावर एक तीन पंख. चार-दोन उसळ्या घेण्यापलीकडे त्याची मजल गेली नाही. अमेरिका महायुद्धात उतरली आणि ते मागेच पडले.

हा धागा त्यानंतरच्या, खरोखर उडालेल्या आणि रस्त्यावरही धावलेल्या मोटारींचा आहे. त्यांच्या सुकाणूमागे बसलेल्या माणसांचाही आहे. या साऱ्यांना एका साध्या प्रश्नाने छळले : जमिनीवर उतरल्यावर पंखांचे करायचे काय?

त्याआधी एका तरुण वैमानिकाची गोष्ट सांगायला हवी.

हेन्री फोर्डने 'मॉडेल टी' काढून मोटार सामान्य माणसाच्या दारात आणली होती. १९२६ मध्ये त्याच्या कारखान्याने 'फ्लिव्हर' नावाचे एकआसनी चिमुकले विमान दाखवले, तेव्हा आता विमानही दारात येणार असे लोकांना वाटू लागले. फ्लिव्हर रस्त्यावर चालणारे नव्हते, पण 'आपले स्वतःचे विमान' या स्वप्नाला त्याने आकार दिला. ते उडवत असे हॅरी ब्रुक्स, फोर्डचा लाडका वैमानिक. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो डिअरबॉर्नहून मायामीकडे निघाला आणि २५ तारखेला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळला. विमानाचे अवशेष सापडले, ब्रुक्स सापडला नाही. इंधनाच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्रे होती. दमट हवा आत जाऊ नये म्हणून ती लाकडी काडीने बुजवलेली आढळली. टाकीत हवा शिरली नाही, इंधन उतरले नाही, इंजिन बंद पडले, असा अर्थ त्यावरून लावला गेला. फोर्डने त्यानंतर या छोट्या विमानांचा नाद सोडला.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत विमान चालवू शकणारे तरुण हजारोंनी होते आणि युद्धाची कंत्राटे संपलेले विमान-कारखानेही होते. अशा वेळी रॉबर्ट एडिसन फुल्टन पुढे आला. या माणसाचे चरित्र कादंबरीत घातले तर अतिशयोक्त वाटेल. व्हिएन्नात वास्तुकला शिकून तो १९३२ साली लंडनहून मोटारसायकलवर निघाला आणि हिंदुस्थान, चीन, जपान करीत १९३३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी न्यू यॉर्कला घरी पोहोचला. पुढे, जमिनीवर सोडलेल्या फुग्याची दोरी उडत्या विमानाने पकडून खालच्या माणसाला उचलून न्यावे, अशी यंत्रणाही त्याने बनवली. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

युद्धकाळात फुल्टन हवाई नेमबाजांच्या प्रशिक्षणाचे यंत्र विकण्यासाठी स्वतःच्या विमानाने हिंडत असे. प्रत्येक ठिकाणी तोच अनुभव येई : विमान वेळेत पोहोचे, पण विमानतळ गावाबाहेर मैलोगणती दूर, आणि तिथून गावात जायला वाहन मिळत नसे. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे 'एअरफिबियन'. १९४६ मध्ये ते उडाले. उतरल्यावर पुढचा पंखा काढून केबिनच्या बगलेला टांगायचा, पंख आणि शेपटीचा संपूर्ण भाग सोडवून विमानतळावरच ठेवायचा आणि उरलेली चारचाकी घेऊन शहरात जायचे. सारे काम पाचेक मिनिटांचे. लिंडबर्गनेही ते उडवून पाहिले. डिसेंबर १९५० मध्ये त्याला सरकारी उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्र मिळाले. रस्त्यावर चालणाऱ्या विमानाला असे प्रमाणपत्र प्रथमच मिळत होते. मात्र ते मिळवण्याच्या खर्चानेच फुल्टनच्या हातून कंपनी गेली. नव्या मालकांनी पुढे काहीच केले नाही.

'पंख विमानतळावर ठेवायचे' हे फुल्टनचे उत्तर होते. थिओडोर हॉलच्या रचनेवर कॉन्व्हेअर कंपनीने बेतलेले उत्तर अधिक व्यापारी होते : मोटार ग्राहकाची, पंख मात्र गरजेपुरते विमानतळावरून भाड्याने घेता यावेत. मोटारीची किंमत १,५०० डॉलर आणि विक्रीचे उद्दिष्ट १,६०,००० गाड्या! फायबरग्लासच्या छोट्या गाडीच्या टपावर पंख, शेपूट आणि वेगळे विमान-इंजिन बसवलेले असे. गाडीचे इंजिन वेगळे, तिचे इंधनही वेगळे. १८ नोव्हेंबर १९४७ रोजी सॅन डिएगोजवळ उड्डाण चालू असताना इंधन संपले आणि विमान कोसळले. वैमानिक रूबेन स्नॉडग्रास किरकोळ जखमांवर निभावला. निघण्यापूर्वी त्याने विमानाऐवजी मोटारीच्या इंधनाचा काटा पाहिला होता, असे सांगितले जाते. दोन वाहने एकत्र जोडली की काटेही दोन होतात. दुसरा नमुना १९४८ मध्ये उडाला, पण कंपनीचा उत्साह ओसरला होता.

तिसरे उत्तर मोल्टन टेलरचे, आणि मला त्यात सर्वांत अधिक शहाणपण दिसते. १९४६ मध्ये त्याची फुल्टनशी भेट झाली. एअरफिबियनमधली उणीव त्याने नेमकी हेरली. पंख एका गावी ठेवून माणूस दुसऱ्या गावी गेला आणि हवा बिघडली, तर पंखांसाठी त्याला पुन्हा पहिल्या गावी यावे लागणार. म्हणून टेलरच्या 'एअरोकार'चे पंख मिटून मागे वळत आणि शेपटीसह चाकांवरची मागगाडी होऊन मोटारीमागून ओढत नेता येत. उड्डाणाच्या वेळी मागची नंबरप्लेट वर उचलायची. तिच्यामागे लपलेल्या जोडणीला शेपटीच्या टोकावरील पंख्याचा दांडा जोडायचा. या लांब दांड्याला पीळ बसून येणाऱ्या थरथरीने टेलरला फार छळले. अखेर पोलादी छऱ्यांनी भरलेल्या खास जोडणीने ती आटोक्यात आली. पहिले उड्डाण १९४९ चे, प्रमाणपत्र १९५६ चे. रस्त्यावर वेग ताशी साठ मैल, हवेत शंभराहून थोडा अधिक.

गाड्या बनल्या अवघ्या सहा. एक अभिनेता बॉब कमिंग्जने दूरचित्रवाणीच्या मालिकेत वापरली. दुसरी पोर्टलंडच्या एका रेडिओ केंद्राकडे होती. रस्त्यावरची वाहतूक कुठे तुंबली आहे, हे ती आकाशातून सांगत असे. घाऊक उत्पादनासाठी एका मोठ्या कंपनीने पाचशे मागण्यांची अट घातली. टेलरला सुमारे निम्म्याच मिळाल्या.

प्रमाणपत्र हाती, यंत्र चालते, तरी ग्राहक का नाहीत? माझ्या मते ग्राहकाने हिशेब अगदी बरोबर केला. हवेत मोटारीची चाके, बंपर, गिअर हे निव्वळ ओझे. रस्त्यावर पंख हे ओझे. परवाने दोन, देखभाल दोन तऱ्हांची. तेवढ्या पैशांत चांगले विमान आणि चांगली मोटार वेगवेगळी घेता येई.

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियात हेन्री स्मोलिन्स्की आणि हॅरॉल्ड ब्लेक यांनी सोपा वाटणारा मार्ग धरला : फोर्डची तयार पिंटो गाडी घ्यायची आणि सेस्ना विमानाचे पंख, शेपूट व मागचे इंजिन तिला जोडायचे. नाव 'मायझर'. २६ ऑगस्टला उड्डाण घेताच उजव्या पंखाच्या टेकूची जोडणी निखळली. चाचणी-वैमानिक चार्ल्स जॅनिस याने वळण घेण्याचे टाळून यान सरळ घेवड्याच्या शेतात उतरवले. मग रस्ता बंद करवून तो ते चालवत विमानतळावर परतला. उडती मोटार मोटार म्हणून उपयोगी पडल्याचा इतका चोख दाखला दुसरा नसेल. ११ सप्टेंबरला जॅनिस उपलब्ध नव्हता. स्मोलिन्स्की स्वतः सुकाणूवर बसला, शेजारी ब्लेक. पुन्हा उजव्या पंखाचा टेकू सुटला आणि दोघेही ठार झाले. तपासात वेल्डिंग सदोष आढळले.

त्यानंतर स्लोव्हाकियाचा श्टेफान क्लाइन. २०१५ मध्ये त्याचे आधीचे यान कोसळले तेव्हा यानाच्याच पॅराशूटने तो वाचला. २८ जून २०२१ रोजी नव्या 'एअरकार'मधून तो नित्राहून निघाला आणि ३५ मिनिटांत ब्रातिस्लाव्हाच्या विमानतळावर उतरला. त्याने कळ दाबली. तीन मिनिटांच्या आत पंख मिटून गाडीच्या पोटात गेले, आणि क्लाइन तीच गाडी चालवत शहराच्या मध्यभागी गेला.